नव्या गिनीपिगचा जुन्या गिनीपिगशी सुरक्षित सहवास : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

गिनीपिग हा समूहात राहणारा प्राणी आहे. त्याला एकटे ठेवणे हे त्याच्या स्वभावाविरुद्ध असते. मात्र दोन अपरिचित गिनीपिगांना कोणतीही पूर्वतयारी न करता एका पिंजऱ्यात सोडणे तितकेच घातक ठरू शकते. प्रस्तुत लेखात नव्या प्राण्याचा जुन्या प्राण्याशी परिचय घडविण्याची शास्त्रीय पद्धती, तिच्यामागील वर्तनशास्त्रीय कारणे आणि गोंदिया जिल्ह्यातील हवामान व उपलब्ध साधने लक्षात घेता घ्यावयाची काळजी यांचे विवेचन करण्यात आले आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात झालेल्या वाघिणींच्या स्थलांतरणाचा अनुभवही तुलनेसाठी विचारात घेतला आहे.

बीजसंज्ञा : गिनीपिग, प्राणीवर्तन, दर्जाक्रम, विलगीकरण, प्राणीगृह, नवेगाव-नागझिरा.

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती, तलाव आणि जंगल ही या जिल्ह्याची ओळख. गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा क्षेत्राला डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. या जंगलातील वाघांची संख्या वाढावी म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी २० मे २०२३ रोजी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी वाघीण आणण्यात आली. ही तिसरी वाघीण सोडल्यानंतर अवघ्या काही दिवसांत मृतावस्थेत आढळली. दुसऱ्या वाघाशी झालेली झुंज हे तिच्या मृत्यूचे प्रथमदर्शनी कारण सांगितले गेले. प्रत्येक वाघिणीच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, तिच्यावर देखरेख होती आणि तज्ज्ञांचा सहभागही होता. तरीही जेथे आधीच कोणीतरी राहते तेथे नव्या जिवाला नेऊन सोडणे किती नाजूक काम आहे, हे या घटनेने जिल्ह्याला दाखवून दिले.

हाच प्रश्न फार लहान प्रमाणावर, पण तितक्याच गांभीर्याने महाविद्यालयाच्या प्राणीगृहात आणि घरातील पिंजऱ्यातही उपस्थित होतो. औषधनिर्माणशास्त्र व जीवशास्त्राशी संबंधित संस्थांमध्ये गिनीपिग हा दीर्घकाळापासून परिचयाचा प्राणी आहे. अलीकडे शहरी कुटुंबांतही तो पाळीव प्राणी म्हणून दिसू लागला आहे. जोडीतील एक प्राणी दगावतो, उरलेला एकटा पडतो आणि मग नवा जोडीदार आणला जातो. तो बहुधा त्याच दिवशी जुन्याच्या पिंजऱ्यात सोडला जातो. काही तासांतच चावे, जखमा आणि क्वचित मृत्यू असा परिणाम दिसतो. त्यावरून ‘या दोघांचे पटत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि दोघेही कायमचे एकटे ठेवले जातात. हा निष्कर्ष बहुतांशी चुकीचा असतो. दोष त्या प्राण्यांच्या स्वभावात नसून परिचयाच्या पद्धतीत असतो.

उद्दिष्टे

१. गिनीपिगच्या सामाजिक वर्तनाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. नव्या व जुन्या प्राण्याच्या परिचयाची टप्प्याटप्प्याची पद्धती मांडणे.
३. संघर्ष आणि दर्जानिश्चिती यांतील फरक ओळखण्याची लक्षणे सांगणे.
४. गोंदिया जिल्ह्याच्या परिस्थितीत घ्यावयाची विशेष काळजी सुचविणे.

गिनीपिगचे सामाजिक जीवन

गिनीपिगचे शास्त्रीय नाव कॅव्हिया पोर्सेलस असे आहे. नावात ‘पिग’ असले तरी त्याचा डुकराशी संबंध नाही आणि आफ्रिकेतील गिनी या देशाशीही नाही. तो कृंतक वर्गातील, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत काही हजार वर्षांपूर्वी माणसाने त्याला मांसासाठी पाळीव केले. आजही पेरू, बोलिव्हिया व इक्वेडोर या देशांत तो त्यासाठी पाळला जातो. युरोपात पोहोचल्यानंतर तो प्रयोगशाळेत आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए याने श्वसनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या मापनासाठी, तर १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयरोगाच्या जंतूच्या संशोधनात त्याचा उपयोग केला. ‘प्रयोगाचा प्राणी’ या अर्थाने त्याचे नाव भाषेत रूढ झाले ते याच परंपरेमुळे.

गिनीपिगचे रानटी नातलग उंच गवतात लहान गटांनी राहतात. एका गटात सामान्यतः एक प्रौढ नर, काही माद्या व त्यांची पिल्ले असतात. पाळीव गिनीपिगमध्येही हीच रचना मुळात टिकून आहे. मात्र तो रानटी नातलगांपेक्षा कमी आक्रमक व अधिक सहवासप्रिय झालेला आहे. संकटाची चाहूल लागताच तो एकतर जागीच थिजतो किंवा आडोशाकडे धाव घेतो. त्याच्या जगण्याचा सारा भर लढण्यापेक्षा लपण्यावर आहे. परिचयाच्या प्रक्रियेत ही बाब सर्वांत महत्त्वाची ठरते, कारण लपण्यास जागा नसलेल्या पिंजऱ्यात त्याचा हा नैसर्गिक मार्गच बंद झालेला असतो.

समूहातील प्रत्येक प्राण्याचे एक स्थान असते. नॉर्वेतील थोरलीफ शेल्डरुप-एब्बे याने १९२२ मध्ये कोंबड्यांच्या कळपातील चोच मारण्याच्या क्रमाचे वर्णन केले. तेव्हापासून प्राण्यांतील दर्जाक्रम ही संकल्पना वर्तनशास्त्रात स्थिर झाली. खेड्यातील अंगणात दाणे टिपणाऱ्या गावरान कोंबड्यांकडे लक्ष देऊन पाहिले तरी हा क्रम सहज दिसतो. दर्जाक्रमाचे कार्य भांडण वाढविणे हे नसून ते टाळणे हे आहे. एकदा क्रम ठरला की दुर्बल प्राणी वाट सोडतो, बलवान प्राणी केवळ इशारा देतो आणि दोघांचीही शक्ती वाचते. नवा प्राणी आला की हा ठरलेला क्रम मोडतो आणि तो पुन्हा ठरवावा लागतो. परिचय म्हणजे वस्तुतः ही पुनर्रचना होय. ती रक्तपाताशिवाय घडावी एवढेच पालकाच्या हाती असते.

पूर्वानुभवाचे महत्त्व

जर्मनीतील नॉर्बर्ट साख्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या सामाजिक वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून पुढे आलेला एक निष्कर्ष या विषयासाठी मूलभूत आहे. मोठ्या वसाहतीत वाढलेले नर अपरिचित वसाहतीत नेऊन ठेवल्यास तेथील जुन्या नरांशी फारसा संघर्ष न करता जुळवून घेतात. त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणदर्शक संप्रेरकाच्या पातळीतही विशेष फरक पडत नाही. याउलट एकटे वाढलेले नर त्याच परिस्थितीत हल्ले ओढवून घेतात. त्यांचे वजन घटते आणि कॉर्टिसॉलची पातळी वाढते. वसाहतीत वाढताना, विशेषतः वयात येण्याच्या सुमारास, वडीलधाऱ्या नरांच्या सहवासात माघार कशी घ्यावी आणि अनावश्यक आव्हान कसे टाळावे हे तरुण नर शिकतो. एकट्याने वाढलेल्या नराला हे शिक्षणच मिळालेले नसते.

याच संशोधनपरंपरेतील दुसरा निष्कर्षही उद्बोधक आहे. अनोळखी जागी ठेवलेल्या नराचा ताण त्याच्या ओळखीच्या, जवळीक असलेल्या मादीच्या उपस्थितीत लक्षणीयरीत्या कमी होतो. कोणत्याही मादीच्या उपस्थितीने तेवढा परिणाम साधत नाही. याचा अर्थ असा की गिनीपिगला केवळ सोबत नको असते, त्याला ओळखीची सोबत हवी असते आणि ओळख व्हावयास वेळ लागतो. सहवासाची ही गरज लक्षात घेऊन स्वित्झर्लंडने २००८ मध्ये लागू केलेल्या प्राणिसंरक्षण नियमांत गिनीपिगला एकटे ठेवण्यास मनाई केली आहे.

जोडीची निवड

परिचयाचे यश बऱ्याच अंशी निवडीवरच अवलंबून असते. दोन माद्या बहुधा लवकर जुळवून घेतात. शस्त्रक्रियेने निर्बीज केलेला नर आणि एक किंवा अधिक माद्या हा सर्वांत स्थिर गट मानला जातो. तथापि शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नराची प्रजननक्षमता शिल्लक राहू शकते. म्हणून साधारण सहा आठवडे त्याला माद्यांपासून वेगळे ठेवावे. दोन प्रौढ नरांची जोडी सर्वांत अवघड असते. नराला नरच जोडीदार द्यावयाचा असल्यास प्रौढासोबत लहान वयाचा नर निवडणे श्रेयस्कर असते. अशा वेळी त्याच खोलीत मादी असू नये, कारण मादीच्या गंधानेही दोन नरांतील शांतता भंग पावते.

निर्बीज न केलेला नर व मादी एकत्र ठेवण्याचा मोह टाळला पाहिजे. मादी चार ते सहा आठवड्यांच्या वयातच प्रजननक्षम होऊ शकते. पिल्लू-नरांनाही साधारण तीन आठवड्यांनंतर माद्यांपासून वेगळे करणे इष्ट असते. गर्भकाळ सुमारे ५९ ते ७२ दिवसांचा असून प्रसूतीनंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पहिली वीण सहा ते आठ महिन्यांच्या वयापर्यंत झाली नसेल, तर कमरेच्या हाडांचा जोड घट्ट होतो आणि त्यानंतरची प्रसूती मादीच्या जिवावर बेतू शकते. विक्रेत्याने सांगितलेल्या लिंगावर विसंबून न राहता पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी, असे जे सांगितले जाते त्यामागे हेच कारण आहे.

परिचयाचे टप्पे

पहिला टप्पा : विलगीकरण. नवा प्राणी आणल्यानंतर त्याला दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. श्वसनमार्गाचा जंतुसंसर्ग, मानेच्या गाठी सुजविणारा स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग, खरजेचे किडे, उवा आणि गजकर्ण हे विकार बाहेरून निरोगी दिसणाऱ्या प्राण्यातही सुप्त असू शकतात. यांपैकी गजकर्ण माणसालाही होतो. ज्या बोर्डेटेला जंतूमुळे गिनीपिगला न्यूमोनिया होतो तो सशामध्ये कोणतेही लक्षण न दाखविता राहू शकतो. त्यामुळे प्राणीगृहात ससे व गिनीपिग एकाच खोलीत ठेवू नयेत. या काळात जुन्या प्राण्याची देखभाल आधी व नव्याची नंतर करावी. हात धुवावेत आणि भांडी वेगळी ठेवावीत. दोघांचे वजन नियमितपणे नोंदवावे. आजारी प्राण्याला मनाने औषध देऊ नये. पेनिसिलीन गटातील, माणसाला सहज मानवणारी प्रतिजैविके पोटात गेल्यास गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन तो दगावू शकतो.

दुसरा टप्पा : गंध व आवाजाची ओळख. विलगीकरण निर्दोष पार पडल्यावर दोन पिंजरे शेजारी ठेवावेत. मधील अंतर इतके असावे की प्राण्यांना परस्परांचा गंध यावा, पण जाळीतून चावता येऊ नये. काही दिवस एकाच्या पिंजऱ्यातील थोडे अंथरूण दुसऱ्याच्या पिंजऱ्यात टाकावे. गिनीपिग जगाला प्रामुख्याने नाकाने ओळखतो. त्यामुळे प्रत्यक्ष भेटीपूर्वीच नव्याचा गंध परका राहिलेला नसतो.

तिसरा टप्पा : तटस्थ जागेवरील भेट. प्रत्यक्ष भेट जुन्याच्या पिंजऱ्यात कधीही घडवू नये. तो त्याचा मुलूख असतो. दोघांनाही अपरिचित असलेली मोकळी जागा निवडावी, उदाहरणार्थ स्वच्छ पुसलेली फरशी व तिच्याभोवती पुठ्ठ्याचे किंवा फळ्यांचे कुंपण. ही जागा जितकी मोठी तितकी बरी. मध्यभागी वाळलेल्या चाऱ्याचे एकाहून अधिक ढीग ठेवावेत. पाण्याची दोन भांडी आणि लपण्यासाठी दोन आडोसे असावेत. आडोशाला दोन तोंडे असणे अत्यावश्यक आहे. एकच तोंड असलेल्या खोक्यात शिरलेला दुर्बल प्राणी कोंडीत सापडतो आणि मग जखमेशिवाय सुटत नाही. दोन्ही प्राणी एकाच वेळी, एकमेकांपासून अंतरावर सोडावेत आणि माणसाने शांतपणे जवळ बसून राहावे.

चौथा टप्पा : एकत्र निवास. भेट काही तास शांततेत गेली, दोघे एका ढिगावर चरू लागले किंवा जवळ विसावले की त्यांना एकत्र निवासात न्यावे. हा निवास पूर्णपणे धुऊन, व्हिनेगरच्या सौम्य द्रावणाने पुसून, नवे अंथरूण घालून व आतील मांडणी बदलून तयार केलेला असावा. जुन्या प्राण्याला तो आपला वाटू नये हा त्यामागील हेतू असतो. पुढील दोन आठवडे दररोज निरीक्षण करावे. नव्याचे वजन घटत असल्यास त्याला चाऱ्यापर्यंत पोहोचू दिले जात नाही असे समजावे. वजनात दहा टक्क्यांच्या आसपास घट झाल्यास पशुवैद्यकाचा सल्ला त्वरित घ्यावा.

लक्षणांचे वाचन

भेटीच्या वेळी पालकाकडून दोन प्रकारच्या चुका होतात. काहीजण निरुपद्रवी वर्तन पाहून घाबरतात आणि प्राण्यांना लगेच वेगळे करतात. काहीजण खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करतात. म्हणून लक्षणांचे तीन गट ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

पहिला गट सामान्य वर्तनाचा. एकमेकांस हुंगणे, पाठलाग करणे, कंबर हलवीत खोल आवाजात गुरगुरत फिरणे, पाठीवर चढणे, तोंड वर करून नाक उंचावणे ही सारी दर्जानिश्चितीची भाषा आहे. मादीसुद्धा पाठीवर चढते. त्याचा अर्थ लैंगिकच असतो असे नाही. दुर्बल प्राण्याने किंचाळणे हीदेखील बहुधा शरणागतीची घोषणा असते. हे वर्तन पाहून हस्तक्षेप करू नये.

दुसरा गट सावधगिरीचा. दात कटकटविणे, मानेवरील केस उभारणे, समोरासमोर ताठ उभे राहणे, केस उपटण्यापुरता चावा घेणे ही वाढत्या तणावाची चिन्हे आहेत. अशा वेळी ताजा हिरवा चारा टाकून लक्ष वळवावे. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

तिसरा गट धोक्याचा. दोघांनीही एकाच वेळी उसळी मारून परस्परांवर झेपावणे, गुंडाळीसारखे एकमेकांत अडकून फिरणे आणि रक्त निघणे ही खऱ्या झुंजीची लक्षणे आहेत. अशा वेळी तत्काळ वेगळे करावे, पण हात मध्ये घालू नये. गिनीपिगचे दात खोल जखम करतात आणि झुंजीत त्याला आपला-परका उरत नाही. जाड टॉवेल अंगावर टाकावा किंवा केरभरणीची सुपली मधोमध सरकवावी. जखम लहान दिसली तरी पशुवैद्यकास दाखवावी, कारण दाट केसांखाली चाव्याचे गळू होण्याची शक्यता असते.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. रोज थोडा वेळ भेट घडवून पुन्हा वेगळे करणे ही पद्धत सुरक्षित वाटते, परंतु अनेकदा तिचा उलट परिणाम होतो. दर्जा ठरत असतानाच प्राण्यांना वेगळे केले, तर दुसऱ्या दिवशी तीच प्रक्रिया आरंभापासून सुरू होते. रक्तपात नसेल तर पहिली भेट तिच्या स्वाभाविक शेवटापर्यंत जाऊ देणे अधिक हिताचे असते. त्यासाठी सुटीचा पूर्ण दिवस राखून ठेवावा.

प्रयत्न करूनही काही जोड्या जुळत नाहीत. विशेषतः दोन प्रौढ नरांच्या बाबतीत असे घडते. अशा वेळी जाळीच्या दोन बाजूंना शेजारी निवास हा सन्मान्य पर्याय आहे. स्पर्श नसला तरी गंध, आवाज आणि नजरेची सोबत टिकून राहते. संपूर्ण एकांतापेक्षा ही स्थिती पुष्कळ बरी असते.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात विशेष काळजी

गिनीपिग हा थंड पठारावरील प्राणी आहे. त्याला सुमारे १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पारा तीस अंशांच्या वर गेल्यास उष्माघाताचा धोका निर्माण होतो. गोंदियात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा वातानुकूलन नसलेल्या खोलीत परिचयाचा प्रयत्न करणे म्हणजे ताणावर ताण चढविणे होय. पाठलाग व धावपळीने शरीराची उष्णता आणखी वाढते. म्हणून परिचयासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात तो अटळ असेल तर पहाटेची वेळ निवडावी. कूलर वापरल्यास हवेचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. पावसाळ्यात कूलरमुळे वाढणारी आर्द्रता बुरशीजन्य त्वचारोगांना पोषक असल्याने खेळत्या हवेकडे अधिक लक्ष द्यावे.

अंथरुणासाठी भातगिरणीतील तूस या जिल्ह्यात मुबलक व स्वस्त मिळते. ते वापरण्यास हरकत नाही, पण धूळ चाळून काढावी आणि प्राणीगृहात ते निर्जंतुक करून घ्यावे. तुसाची टोके तीक्ष्ण असल्याने डोळ्यांना इजा होऊ शकते. नव्या प्राण्याने डोळा मिटलेला ठेवल्यास तो भांडणाचा परिणाम आहे की तुसाचा, हे तपासून पाहावे. धानाची तणीस लपण्यासाठी व अंथरण्यासाठी उपयोगी पडते, परंतु तिचे पोषणमूल्य कमी असल्याने ती मुख्य चारा होऊ शकत नाही. हरळीसारखे स्वच्छ गवत व चांगला वाळलेला चारा हाच आहाराचा पाया असावा. शेताच्या बांधावरील गवत कापून आणताना तेथे कीटकनाशक किंवा तणनाशक फवारलेले नाही याची खात्री करावी.

माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. नॉर्वेतील हॉल्स्ट व फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये गिनीपिगमध्ये स्कर्व्हीसदृश विकार निर्माण करून दाखविला आणि त्या रोगाच्या आकलनाला नवी दिशा मिळाली. प्रौढ प्राण्याला दररोज प्रतिकिलो वजनामागे सुमारे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. ताण, आजार व गर्भावस्थेत ही गरज वाढते. म्हणून परिचयाच्या काळात ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूचा लहान तुकडा किंवा थोडा आवळा यांचा आहारात समावेश असावा. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व लवकर निष्प्रभ होते, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

प्राणीगृह आणि संशोधनाची विश्वासार्हता

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९९८ चे नियम यांनुसार प्रयोगासाठी प्राणी ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी व संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीची मान्यता आवश्यक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ व २०१४ मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे प्राणिशास्त्राच्या अध्यापनातील विच्छेदन मागे पडले. त्यामुळे महाविद्यालयांतील प्राण्यांची संख्या घटली. प्राण्यांची संख्या घटली की एकटा उरलेला प्राणी ही समस्या अधिक वारंवार उद्भवते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

जागेच्या बाबतीतही विचार व्हावयास हवा. प्रयोगशाळेतील प्राण्यांसंबंधीच्या अमेरिकी मार्गदर्शिकेत ३५० ग्रॅमपेक्षा अधिक वजनाच्या गिनीपिगसाठी सुमारे ६५२ चौरस सेंटीमीटर जागा किमान मानली आहे. घरगुती पालनात मात्र दोन प्राण्यांसाठी किमान साडेसात चौरस फूट, म्हणजे सुमारे ७,००० चौरस सेंटीमीटर जागा सुचविली जाते. हा फरक फार मोठा आहे. किमान मापाच्या पिंजऱ्यात दोन अपरिचितांचा परिचय घडविणे जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी प्राणीगृहात एक स्वतंत्र मोकळा कक्ष असणे आवश्यक ठरते.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. नुकताच झगडलेला किंवा दीर्घकाळ एकटा राहिलेला प्राणी ताणाखाली असतो. त्याचे कॉर्टिसॉल, वजन व रोगप्रतिकारशक्ती बदललेली असते. अशा प्राण्यावर घेतलेल्या औषधाच्या चाचणीत दिसणारा परिणाम औषधाचा की ताणाचा, हे सांगता येत नाही. नव्या गटाला स्थिर होण्यास पुरेसा अवधी न देता सुरू केलेला प्रयोग प्राण्यालाही वाया घालवितो आणि संशोधकाच्या श्रमालाही. प्रयोगाच्या नोंदवहीत प्राण्याचे वय, वजन व लिंग यांबरोबरच तो कोणासोबत, किती दिवसांपासून राहत आहे ही नोंदही असली पाहिजे.

तुलनात्मक विचार

वाघ हा एकलकोंडा आणि गिनीपिग समूहप्रिय. त्यामुळे दोघांची तुलना मर्यादेतच करावी लागते. तरीही तीन सूत्रे समान दिसतात. जागेवर आधीपासून असलेल्या प्राण्याचा हक्क नव्याला जाणवेल इतका स्पष्ट असतो. नवा प्राणी आपला पूर्वानुभव सोबत घेऊनच येतो. आणि माघार घेण्यास वाव असेल तरच संघर्ष प्राणघातक होण्याचे टळू शकते. नागझिऱ्यातील जंगलात भेटीची वेळ, जागा किंवा प्रतिस्पर्धी निवडणे माणसाच्या हाती नव्हते. पिंजऱ्यात मात्र या तिन्ही गोष्टी पूर्णतः माणसाच्या हाती असतात. माघारीची वाट आखणाराही माणूसच आणि ती बंद करणाराही माणूसच. म्हणून जंगलात जे दुर्दैव म्हणता येईल, ते पिंजऱ्यात बहुधा हलगर्जीपणा ठरते.

निष्कर्ष

१. गिनीपिगला सोबतीची गरज असते, मात्र सोबत ही ओळखीतून निर्माण होते आणि ओळखीला वेळ द्यावा लागतो.
२. दोन ते तीन आठवड्यांचे विलगीकरण, गंधाची ओळख, तटस्थ जागेवरील भेट व स्वच्छ केलेल्या निवासातील सहवास हा क्रम मोडू नये.
३. पाठलाग, गुरगुर व पाठीवर चढणे ही दर्जानिश्चितीची लक्षणे आहेत. रक्तपात व परस्परांवरील झेप ही झुंजीची लक्षणे आहेत. हस्तक्षेप दुसऱ्या प्रकारातच करावा.
४. गोंदिया जिल्ह्यात ऋतूची निवड, तुसाची स्वच्छता व क जीवनसत्त्वाचा पुरवठा यांकडे विशेष लक्ष द्यावे.
५. प्राणीगृह असलेल्या महाविद्यालयांनी परिचयासाठी स्वतंत्र कक्ष ठेवावा व सहवासाच्या नोंदी प्रयोगाच्या नोंदींचा भाग मानाव्यात.

एकटा उरलेला प्राणी तक्रार करीत नाही. तो कोपऱ्यात बसून राहतो आणि पाहणाऱ्याला तो शांत वाटतो. ही शांतता समाधानाची आहे की एकटेपणाची, हे ओळखण्याची जबाबदारी त्याला पिंजऱ्यात ठेवणाऱ्यावरच येते.